गावच्या वाचनालयासाठी सॉफ्टवेअर करतोय, पण मराठीत सर्चच धड चालेना

अर्धा_कोडर:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या.

मी पुण्यात बॅकएंडला आहे, जावा, स्प्रिंग बूट, नेहमीचंच. सध्या टीममधे जावा ८ वरून १७ ला जायचं काम चालूये. स्प्रिंग बूट ३ ला १७ च्या खालचं जावा चालत नाही आणि वर सगळे जावाएक्सवाले इम्पोर्ट जकार्ता करायचे, त्यामुळे सध्या माझं आयुष्य म्हणजे फाइंड, रिप्लेस, बिल्ड, टेस्ट फुटली, परत बिल्ड. सकाळी स्टँडअप, मग जिरा (कामांची यादी ठेवायचं सॉफ्टवेअर), मग कुणीतरी पीआरवर (तपासायला टाकलेल्या कोडवर) येऊन "हे नाव बदल" एवढंच लिहून जातो, संध्याकाळी अमेरिकेचा कॉल ज्यात मी म्यूटवर बसून मॅगी खातो. तक्रार नाही, पगार वेळेवर होतो. पण हे मी बनवलंय असं आईला दाखवता येईल असं यात काहीच नाही. मेकॅनिकल कीबोर्डचा नाद करून झाला (रूममेटने तो रात्री वापरायचा नाही असा ठराव पास केलाय), वीकेंडला ट्रेक होतातच, पण काहीतरी स्वतःचं कोडमधे करायचं होतं.

तर आमच्या गावी, सांगली जिल्ह्यात, एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. शाळेत असताना मी तिथेच पडीक असायचो. आता तिथल्या ग्रंथपाल काकूंनी विचारलं की बाळा तू कॉम्प्युटरवाला ना, आमची पुस्तकं शोधायचं काहीतरी करून दे. आधी एका माणसाने पैसे घेऊन काहीतरी बसवून दिलं होतं, ते आता उघडतच नाही आणि तो फोनही उचलत नाही.

मला गो ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीच होती म्हणून गो मधे लिहायला घेतलं. खाली एसक्यूलाइट (एकाच फाइलमधे राहणारा डेटाबेस), सर्चला त्यातलंच एफटीएस५ (मजकुरात शब्द शोधायची सोय), वर साधी वेबपेजं. एकच एक्झी फाइल, इन्स्टॉल वगैरे काही नाही, डबल क्लिक केलं की चालू. वाचनालयातला पीसी विंडोज ७ चा आहे, गो १.२१ पासून विंडोज १० लागतं, म्हणून १.२० वर अडकून बसलोय. ते असो.

खरी पंचाईत सर्चची झालीये. व. पु. काळे यांची पुस्तकं बघावीत म्हणून "काळे" टाकलं तर यादीत केळीची लागवड आली, खाली कोळी समाजावरचं एक पुस्तक आलं आणि वपु कुठेतरी मधे. "मोरे" टाकलं तर मीरा येते. मला वाटलं फझी मॅचिंग (साधारण सारखे शब्दही जुळवणं) आपोआप होतंय, पण मी तसलं काही लावलेलंच नाही. दुसरीकडे "कादंबऱ्या" असा विभाग दोनदा दिसतोय, दोन्ही डोळ्यांना अगदी सारखे, पण डेटाबेस म्हणतो वेगळे आहेत. सॉर्ट केलं की ळ वाली नावं ल च्या लगेच नंतर येऊन बसतात. एआयला विचारलं तर त्याने एक फंक्शन दिलं, "ॲक्सेंट काढून टाकतं" म्हणाला, ते लावल्यावर "पुणे" चं "पण" झालं!! मग तो नाद सोडला.

आणि अजून एक, काकूंकडे जुन्या पुस्तकांची वर्डमधली यादी आहे, पण ती माझ्या लॅपटॉपवर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती परत टाइप करायची म्हणजे दिवाळी उजाडेल.

कुणी मराठी डेटावर असं काम केलंय का? का मी हे सोडून सरळ तयार काहीतरी बसवू?

————

सह्याद्रीवाला_देवऑप्स:

भावा, आयतं असताना एवढा खटाटोप कशाला? कोहा बसव. ओपन सोर्स आहे, न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी बनलं, २००० सालापासून लोक वापरतायत, जगभर चालतं. देवघेव, दंड, सभासद, वाचकांसाठी वेबवर कॅटलॉग, सगळं आहे. डेबियन लिनक्स टाक, पॅकेज इन्स्टॉल कर, झालं. सरकारी लायब्ररी असेल तर एनआयसीचं ई-ग्रंथालय पण आहे.

साइड प्रोजेक्टचं काय होतं माहितीये ना, पहिला महिना जोश, दुसऱ्या महिन्यात रिलीज आली की प्रोजेक्ट गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) पडून राहतो. तुझ्या हौसेपायी त्या काकू पुन्हा तिथेच येतील, बसवलंय पण माणूस फोन उचलत नाही.

आणि विंडोज ७ वर क्रोमसुद्धा १०९ नंतर अपडेट होत नाही. तो पीसी आधी बदला.

————

देवघेव_काउंटर:

मी स्वतः तालुक्याच्या ठिकाणी ब वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय.

कोहा चांगलंच आहे, आमच्याकडच्या कॉलेजात तेच आहे. पण तिथे प्रशिक्षित माणसं आहेत, सर्व्हर बघायला वेगळा माणूस आहे. आमच्यासारख्या ठिकाणी एक ग्रंथपाल, एक शिपाई, संध्याकाळी एखादी मदतनीस. मार्कमधे (पुस्तकांच्या नोंदी करायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत) १०० म्हणजे लेखक आणि २४५ म्हणजे शीर्षक हे मला येतं, पण मी रजेवर गेले की काउंटरवर जी मुलगी बसते तिला काय सांगू? तिला एक चौकट हवी, त्यात नाव टाकलं की पुस्तक आत आहे का बाहेर आणि बाहेर असेल तर कुणाकडे, एवढंच दिसायला पाहिजे. त्यामुळे दादाने स्वतः लिहिलं तरी माझी हरकत नाही, फक्त आमचं काम कसं चालतं ते आधी बघून घे बाळा. तुम्ही मुलं थेट स्क्रीन बनवायला बसता.

पहिली गोष्ट, दाखल नोंदवही. तिच्याशी खेळ करायचा नाही. एका प्रतीला एक दाखल क्रमांक, तो कधीही बदलायचा नाही, पुस्तक फाटलं, हरवलं, निर्लेखित झालं (ठरावाने बाद केलं) तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. म्हणजे तुझ्या प्रोग्राममधे डिलीटचं बटणच नको. निर्लेखन म्हणून शेरा टाकायचा, ठराव क्रमांक आणि तारीख टाकायची, नोंद तशीच राहते. तपासणीला साहेब येतात ते नोंदवहीच बघतात, अनुदान त्यावर असतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, अ ब क ड हे वर्ग त्या व्यवस्थेतूनच मिळतात, तिथे "आमचं कॉम्प्युटरवर आहे" म्हणून भागत नाही.

दुसरं, एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतात. तू पुस्तकाचा तक्ता आणि प्रतींचा तक्ता वेगळा केलायस का? आमच्याकडे आधी जो माणूस आला होता त्याने एकच केला होता, मग एक प्रत बाहेर गेली की चारही बाहेर दाखवायचं, वाचक कपाटातून पुस्तक हातात घेऊन यायचा आणि कॉम्प्युटर म्हणायचा पुस्तक नाही.

तिसरं म्हणजे लेखकाची नावं, ते सगळ्यात किचकट. रजिस्टरात "देशपांडे पु. ल.", "पु.ल. देशपांडे", "पु ल देशपांडे", "देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण" असं चार हातांनी चार प्रकारे लिहिलेलं असतं. वाचक येऊन विचारतो पुलंचं काय आहे. मग टोपणनावं. कविता कुसुमाग्रजांच्या नावावर आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांच्या, माणूस एकच. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी तसंच, बालकवी आणि ठोमरे तसंच. एक नाव टाकलं की दुसऱ्याचीही पुस्तकं खाली दिसायला हवीत. पण छापील यादीत मात्र पुस्तकावर जे नाव आहे तेच ठेवायचं, ते आपल्या मनाने बदलायचं नाही.

आणि दिवाळी अंक! नोव्हेंबर ते जानेवारी आमच्याकडे पुस्तकाला हात कुणी लावत नाही, सगळे अंक मागतात, त्यासाठी वेगळी वर्गणी असते. मनोरंजनने १९०९ ला पहिला अंक काढला तेव्हापासूनची ही खोड आहे आपली. दरवर्षी नाव तेच, साल वेगळं, आणि ते दाखल नोंदवहीत इतर पुस्तकांसारखे जात नाहीत. त्याचा विचार आत्ताच करून ठेव नाहीतर ऑक्टोबरात फोन येईल काकूंचा.

————

अनुस्वार_पोलीस:

सर्चचं मी सांगतो, यातून मी गेलोय.

तुझं "काळे" का बिघडतंय ते बघ. एफटीएस५ चा डिफॉल्ट टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, तो युनिकोड६१. तो कुठली कॅरेक्टरं शब्दाचा भाग धरतो? युनिकोडमधे प्रत्येक कॅरेक्टरला कॅटेगरी असते, हा फक्त अक्षरं, आकडे आणि एक प्रायव्हेट युजवाली कॅटेगरी धरतो. बाकी सगळं त्याच्या लेखी स्पेस. आणि आपल्या मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, हे सगळं "मार्क" या कॅटेगरीत येतं. म्हणजे "काळे" मधला काना त्याला स्पेससारखा दिसतो, मात्राही तशीच. उरलं काय, क आणि ळ. केळी? क आणि ळ. कोळी? क आणि ळ. मोरे आणि मीरा दोन्हीकडे म, र. फझी बिझी काही नाही, त्याला खरोखर सारखंच दिसतंय.

उपाय एका ओळीचा आहे. टेबल बनवताना टोकनायझरला कॅटेगरीज नावाचा ऑप्शन देता येतो, डिफॉल्टला जे आहे ते ठेवून त्यात एमएन आणि एमसी या "मार्क" च्या दोन्ही पोटकॅटेगरी टाक. दोन्ही लागतात, कारण उकार, मात्रा, अनुस्वार एमएन मधे आहेत आणि काना, वेलांटी एमसी मधे. टोकनायझर टेबल बनतानाच ठरतो, नंतर बदलत नाही, म्हणजे ड्रॉप करून नव्याने बनव आणि सगळं परत इंडेक्स कर. वाचनालयाच्या डेटाला चहा होईपर्यंत पण लागणार नाही.

एआयवाल्याने "पुणे" चं "पण" केलं ते याच भानगडीतून. युरोपातल्या भाषांसाठी ठरलेली कृती आहे, कॅरेक्टर फोडायचं आणि एमएन कॅटेगरीचं सगळं उडवायचं, म्हणजे अक्षरावरचे टिंबटोपे जातात. आपल्याकडे उकार आणि मात्रा हेच एमएन, ते उडाले की शब्दच गेला. असलं कॉपी पेस्ट मराठीला चालत नाही.

आता कादंबऱ्या. ऱ्य मधला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ (युनिकोड ०९३१) मग हलंत (तेच पाय मोडायचं चिन्ह) मग य. दुसरा, साधा र (०९३०), हलंत, झेडडब्ल्यूजे म्हणजे शून्य रुंदीचा जोडणारा, मग य. स्क्रीनवर डिट्टो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट जे दाबलं तर पहिला प्रकार येतो. काही जुन्या टूल्समधून दुसरा येतो. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं करायची ठरलेली पद्धत) लावलंस तरी हे दोन एक होत नाहीत. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ असेल तर तो एनएफसीने जुळतो, झेडडब्ल्यूजेवाला नाही. तसंच ॲ. युनिकोडमधे स्वतंत्र ॲ आला २००८ ला, ५.१ मधे. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, अजूनही कित्येक कीबोर्ड तेच करतात. हेही आपोआप जुळत नाही.

आणि एक गंमत बघ, वरचा उपाय करून तू मात्रा वाचवल्यास तरी झेडडब्ल्यूजे हा "फॉरमॅट" कॅटेगरीत असतो, म्हणजे तो अजूनही स्पेसच, म्हणून दुसऱ्या प्रकारची कादंबऱ्या मधोमध तुटणार.

म्हणून माझं मत असं की मूळ शीर्षकाला हात लावू नकोस. शेजारी एक सर्चचा कॉलम ठेव, त्यात स्वतःची "की" (फक्त शोधण्यासाठी केलेलं शीर्षकाचं सोपं रूप) बनवून टाक, आणि वाचक जे टाइप करेल त्यालाही तेच फंक्शन लाव. मी अशी बनवतो: आधी एनएफसी. मग र, हलंत, झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ आणि हलंत. मग उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (शून्य रुंदीचा न जोडणारा) फेकून दे. अ अधिक चंद्र असेल तर ॲ. मग परसवर्ण, "सन्त" आणि "संत", "पण्डित" आणि "पंडित" एकच करायचे. इथे सांभाळ, अनुनासिकानंतर त्याच वर्गातलं क ते भ मधलं व्यंजन असेल तरच अनुस्वार कर, नाहीतर "अन्य" आणि "जन्म" ची वाट लागेल. मग ऱ्हस्व दीर्घ एक करून टाक, सगळ्या दीर्घ वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व. शुद्धलेखनवाले ओरडतील, ओरडू दे, माझं नावच बघा, पण सर्च बॉक्समधे माणसाला शुद्धलेखनाची परीक्षा द्यायला लावायची नसते.

अनुस्वाराचा अजून एक मुद्दा, वाचनालयात तो हमखास येतो. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर न उच्चारलेले अनुस्वार असतात. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी कव्हरवर "पण लक्षांत कोण घेतो", आजचा वाचक "लक्षात" टाइप करणार. कांहीं, नाहीं, केलें, तसलंच. की बनवताना सगळेच अनुस्वार उडवले तर हे जुळतं, पण मग "अंत" आणि "अत" एक होतात. मी दोन पायऱ्या ठेवल्यात, आधी अनुस्वारासकट शोधतो, काहीच मिळालं नाही तर अनुस्वाराशिवाय.

प्रत्ययांचं फार मनावर घेऊ नकोस. "शिवाजी" वरून "शिवाजीचे" हवं असेल तर शेवटी स्टार लावून प्रीफिक्स सर्च केला की मिळतं, कारण आपले प्रत्यय मागेच चिकटतात. "घोडा" वरून "घोड्याची" मिळणार नाही, तिथे सामान्यरूप आडवं येतं. पुस्तकांच्या शीर्षकांपुरतं तेवढं सोडून दे. एसक्यूलाइट ३.३४ पासून ट्रायग्रॅम टोकनायझर (तीन तीन कॅरेक्टरांचे तुकडे करणारा) पण आहे पण त्याला तीनपेक्षा कमी कॅरेक्टर चालत नाहीत, "पुल" ला तो जेमतेम पुरेल, मी नाही वापरत.

सॉर्टिंग: युनिकोडच्या टेबलात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, मग क्ष, ज्ञ. नुसतं बाइट्सवर सॉर्ट केलं की असंच होणार. गो च्या एक्स/टेक्स्टमधे क्रम लावणारं कोलेट पॅकेज आहे, त्याला भाषा मराठी दे. नाही जमलं तर सॉर्ट की हाताने बनव, ळ ला ह च्या पुढचा आकडा द्यायचा, वीस ओळींचं काम आहे. आणि गो मधे लेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनवर विसंबू नकोस, "क्षि" ची लांबी ती १२ सांगेल कारण ती बाइट मोजते, रून (युनिकोड कॅरेक्टर) मोजले तर ४, माणसाला मात्र एकच अक्षर दिसतं. "नाव इतकंच दाखव आणि पुढे तीन टिंब" असं कुठे केलं असशील तर पाय मोडलेली अक्षरं दिसतील.

ल्युसीन या सर्च लायब्ररीमधे इंडिक नॉर्मलायझेशनचा फिल्टर आहे, ल्युसीन नसलं वापरायचं तरी त्याचा सोर्स उघडून वाच, बऱ्याच गोष्टी तिथे आयत्या लिहून ठेवल्यात.

————

अर्धा_कोडर:

बाप रे, अनुस्वार_पोलीस भाऊ, साष्टांग. कॅटेगरीवाली ओळ आत्ता टाकून बघितली, केळी गेली, कोळी गेले, वपु वर आले. मीरा पण गेली. सर्च कीचं उद्या बसतो, उद्या ऑफिसला वर्क फ्रॉम होम आहे (ऑफिसच्या वेळेत नाही करणार, मॅनेजर इथे असेल तर).

ताई, प्रतींचा तक्ता वेगळा आहे माझा, पण डिलीटचं बटण होतं, ते काढतो. टोपणनावाचं डोक्यातच आलं नव्हतं. लेखकांचा वेगळा तक्ता करून त्याला "हेच ते" अशी जोडणी दिली तर चालेल का?

देवऑप्स दादा, पीसी बदलायला कमिटीची मीटिंग लागते, तिथे पंख्याचा विषय गेल्या वर्षीपासून पेंडिंग आहे.

त्या वर्ड फाइलचं कुणी सांगेल का?

————

टोरांटोकर_बापू:

वर्ड फाइलचं मी सांगतो, मी त्या काळातला माणूस आहे. कॅनडात येण्याआधी अप्पा बळवंत चौकात डीटीपी करायचो, पेजमेकरवर लग्नपत्रिका आणि गाइडं.

ती फाइल युनिकोडमधे नाही. तेव्हा श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, असली पॅकेजं होती, त्यांचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. फाइलमधे खरं तर इंग्रजी कॅरेक्टरंच आहेत, तो फॉन्ट असला तर मराठी दिसतं, नसला तर तुला दिसला तो कचरा. म्हणून सगळ्यात आधी वर्डमधे मजकुरावर क्लिक करून फॉन्टचं नाव काय दिसतं ते लिहून घे. दर फॉन्टचा नकाशा वेगळा, एका कुटुंबाचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही. एका फाइलमधे दोन फॉन्ट पण असू शकतात, मथळ्याला एक आणि मजकुराला एक. म्हणून साध्या टेक्स्टमधे सेव्ह करू नकोस, फॉन्टची माहिती जाईल आणि मग कुठला तुकडा कुठल्या नकाशाने वाचायचा ते कळणार नाही.

नकाशा मिळाला की सरळ बदली करून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी, युनिकोडमधे ती व्यंजनानंतर येते. आणि "स्थिती" सारखं असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या पुढे नेऊन ठेवावी लागते, नुसत्या एका कॅरेक्टरच्या नाही. रफार उलटा, तिथे तो अक्षरानंतर टाकायचे, युनिकोडमधे र आणि हलंत आधी. "वर्तमान" ला वेलांटी नाही म्हणून सोपं, पण "कीर्ती" ला वेलांटी, रफार कुणी कुठल्या क्रमाने टाइप केलंय ते ऑपरेटरवर असायचं, कारण कागदावर बरोबर दिसलं की काम झालं. आधी लांब तुकडे बदल, मग छोटे, मग वेलांटी आणि रफार हलव. ऑनलाइन कन्व्हर्टर बरेच मिळतात, त्यातला एखादा तुझ्या फॉन्टला चालेलही. पण शेवटी कुणीतरी माणसाने डोळ्याखालून घालावंच लागतं, आकडे विशेष करून. किंमत आणि दाखल क्रमांक बदलले तर शोधूनही सापडणार नाही.

जी पुस्तकं फाइलमधे नाहीत ती टाइप करण्यापेक्षा फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग लाव, एकाने कपाटासमोर उभं राहून शीर्षक वाचायचं. लेखकांची आडनावं बऱ्यापैकी येतात. टेसरॅक्टमधे (फोटोतला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी आहे पण ते छापील मजकुराला, हाताने लिहिलेल्या रजिस्टराला त्याचा उपयोग नाही.

दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून. तुझ्या नोकरीच्या करारात तू केलेलं काम कंपनीचं असं एखादं कलम असेल तर वाचून बघ आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर या प्रोजेक्टची एक फाइलही ठेवू नकोस. आणि सभासदांचे फोन नंबर, पत्ते गिटहबवर जाता कामा नयेत, टेस्ट डेटा म्हणूनसुद्धा नाही.

————

सह्याद्रीवाला_देवऑप्स:

बरं बाबा, हरलो, लिही स्वतः. पण बॅकअपचं तरी ऐक. एसक्यूलाइटची फाइल प्रोग्राम चालू असताना तशीच पेनड्राइव्हवर कॉपी करायची नाही, मधेच कुणी पुस्तक दिलं घेतलं तर कॉपी अर्धवट होते. व्हॅक्यूम इंटू म्हणून कमांड आहे, ३.२७ पासून, ती चालू डेटाबेसची स्वच्छ प्रत दुसऱ्या फाइलमधे काढून देते. काकूंना एक बटण दे, "आजची प्रत काढा", ते पेनड्राइव्हवर तारखेच्या नावाने फाइल टाकेल. दोन पेनड्राइव्ह, एक वाचनालयात आणि एक काकूंच्या घरी. लाइट गेली तर एसक्यूलाइट सहसा सांभाळून घेतं, पण यूपीएस नसेल तर त्या जुन्या हार्डडिस्कवर माझा भरवसा नाही.

आणि ब्राउझर फायरफॉक्सचा ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारा) ११५ टाक, विंडोज ७ वर चालणारा तो शेवटचा. जावास्क्रिप्टचं नवं काही वापरू नकोस. रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) तर अजिबात नको, कुणी सांगितलं तरी.

————

फक्त_वाचक:

मला कोडिंगमधलं काही कळत नाही पण ऱ्य दोन प्रकारचा असतो हे वाचून झोप उडाली. आमच्या सोसायटीच्या यादीत एक बाई दोनदा आहेत, चौऱ्याहत्तर नंबरचा फ्लॅट अक्षरी लिहिलाय, आता कळलं का.

————

देवघेव_काउंटर:

हो, लेखकांची जोडणी तशी चालेल. फक्त त्यात "मुख्य नाव" कुठलं ते आपण ठरवायचं, प्रोग्रामने नाही. आणि अनुवाद आले की अनुवादक वेगळा रकाना, त्याला लेखकात कोंबू नकोस, आमच्याकडे एका अनुवादकांच्या नावावर अर्धं रशियन साहित्य जमा झालं होतं.

बापूंनी सांगितलेलं व्हॉइस टायपिंग आम्ही केलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीची मुलं बसवली, छान झालं. एक जण वाचतो, एक जण दाखल क्रमांक तपासतो.

दर महिन्याला तुझ्या प्रोग्राममधून नोंदवहीची छापील प्रत निघाली पाहिजे, रकाने रजिस्टरात आहेत त्याच क्रमाने: दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठे, किंमत, बिलाचा तपशील, वर्गांक, शेरा. कागद आडवा घे, उभ्या कागदावर शेरा कापला जातो, आणि निर्लेखन शेऱ्यातच लिहिलेलं असतं.

————

अर्धा_कोडर:

नोट केलं ताई, कागद आडवा. शनिवारी गावी जातोय, वर्ड फाइलचा फॉन्ट बघून इथेच टाकतो. बापू, तोपर्यंत कुठे जाऊ नका.